वाहू की सुरमई? ट्रिगर दाबायच्या आधी काय बघायचं

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या समुद्रात स्पिअरफिशिंगला, म्हणजे पाण्याखाली बुडी मारून भाल्याच्या बंदुकीने मासे मारायला उतरलं की निळ्या पाण्यातून दोन लांबडे, चंदेरी, पट्टेवाले मासे समोर येतात आणि नवीन माणूस त्यांच्यात हमखास गोंधळतो. एक वाहू आणि दुसरी आपली सुरमई. तिकडे सुरमईला स्पॅनिश मॅकरेल म्हणतात, मस्कत दुबईकडे किंगफिश, पण मासा तोच जो आपल्याकडे रवा लावून तव्यावर पडतो. दोघंही बांगडा आणि ट्यूनाच्याच खानदानातले, दोघांचेही दात वस्तऱ्यासारखे, दोघंही चकचकीत काही दिसलं की चौकशीला येणारे. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे, पण भाला हातात असताना तो परवडत नाही हे मला मनापासून सांगायचंय. गळाला लागलेला मासा चुकीचा निघाला तर सोडून देता येतो, भाला आरपार गेलेला मासा सोडून काय उपयोग, तो मरणारच. म्हणजे ओळख पटवायचं काम पाण्यातच, श्वास रोखलेला असताना, त्या चारपाच सेकंदांत करायचं असतं.

आणि कायदाही आड येतो. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सुरमईचा २०२१ साली जो अभ्यास झाला त्यात साठा मूळच्या साधारण १७ टक्क्यांवर आल्याचं निघालं, म्हणून जुलै २०२३ पासून माणशी एकच सुरमई आणि बोटीवर कितीही जण असले तरी दोनच, शिवाय ७५ सेंटिमीटरच्या खाली नाही आणि वर्षात काही आठवडे पूर्ण बंदी. हे नियम मला योग्यच वाटतात. ओमानलाही १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमई बंद असते. अशा बंदीच्या दिवसांत "मला वाहू वाटला" हे कारण कोणी ऐकून घेत नाही आणि घेऊही नये.

आता ओळखायचं कसं. बहुतेक जण पट्टे बघतात आणि तिथेच फसतात. पट्टे दोघांनाही आहेत, वाहूचे निळे, रुंदसर, पाठीपासून खाली पोटाकडे उतरणारे, सुरमईचे बारीक, थोडे नागमोडी आणि अंगाच्या खालच्या अर्ध्यात जास्त. पण हे पट्टे कायम सारखे दिसत नाहीत, मासा खवळला की उठून दिसतात, शांत असला की अंधूक, आणि मेल्यावर तर थोड्याच वेळात विरून जातात. त्यामुळे एकट्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका.

पाण्यात लांबूनही दिसतात त्या गोष्टी म्हणजे तोंड, पाठ आणि शेपूट. वाहूचं तोंड चोचीसारखं पुढे आलेलं असतं, डोळ्याच्या पुढचा भाग जवळजवळ अर्ध्या डोक्याएवढा. सुरमईचं तोंड टोकदार असलं तरी आखूड. वाहूच्या पाठीवरचा पहिला पर खूप लांब आणि सगळीकडे साधारण एकाच उंचीचा, त्यात २३ ते २७ काटे, सुरमईला १५ ते १८च. अर्थात पोहताना दोघंही तो पर पाठीच्या खाचेत मिटून घेतात, त्यामुळे दिसला तर दिसला. शेपटीचं मात्र बरं असतं, सुरमईची शेपूट खोल कापलेली, मोठ्या कोयत्यासारखी, आणि वाहूची अंगाच्या मानाने लहान, मागची कड जवळजवळ सरळ. एकूण अंग बघितलं तर वाहू गोल, लांब, टॉर्पेडोसारखा आणि सुरमई बाजूंनी जास्त चपटी. मी तर आधी शेपूट बघतो, मग तोंड, आणि दोन्ही जुळलं नाही तर मारत नाही.

बोटीवर आल्यावर खात्री करायची तर दोन खुणा अशा आहेत की चूक होणारच नाही. एक म्हणजे अंगावरून जाणारी बारीक रेघ. वाहूची रेघ पुढेच, पहिल्या पराच्या खाली, एकदम खाली वळते, सुरमईची थेट मागे जाते आणि दुसरा पर संपतो तिथे कुठे खाली उतरते. दुसरी खूण कल्ल्यात, कल्ला उघडून बघा, आतल्या कमानीवर दातऱ्यांसारखे काटे असतात ते सुरमईला थोडे का होईना आहेत, वाहूला अजिबात नाहीत.

जागेवरूनही अंदाज येतो. सुरमई रीफच्या, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळ खडकांच्या कडेला, जिथे प्रवाह येऊन आपटतो त्या बाजूला असते आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातही येते. वाहू खोल निळ्या पाण्यातला, उतार एकदम खाली जातो तिथे किंवा तरंगत्या ओंडक्याच्या आसपास, बहुतेक एकटादुकटा. बाहेरच्या रीफवर मात्र दोघंही एकाच दिवशी भेटू शकतात, म्हणून जागा हा पुरावा नाही. वाढ बघितली तर गळावरचा वाहूचा विक्रम ८३.४६ किलोचा आहे, मेक्सिकोतल्या काबो सान लुकासचा, २००५ मधला, आणि सुरमईचा ४४.९१ किलोचा, दक्षिण आफ्रिकेतल्या स्कॉटबर्गचा, १९८२ मधला.

मारताना फरक असा की वाहू पहिल्या झटक्यात जो पळतो त्याला तोड नाही, आणि मांस मऊ असल्यामुळे पोटात किंवा मागे लागलेला भाला फाडून निसटतो. म्हणून कल्ल्याच्या लगेच मागे, कण्याच्या जवळ, आणि मासा आडवा झाल्यावरच. भाल्याची दोरी बंदुकीला न बांधता पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटला बांधायची, आणि ती दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. सुरमईला आत हवेची पिशवी नसते, ती मेल्यावर दोरीवरून सुटली तर सरळ तळाला जाते, म्हणजे मासा फुकट गेला. आणि दोन्ही वेळेला एक जण खाली तर एक वर बघत थांबलेला हवाच. वर येताना शुद्ध हरपली तर वाचवणारा तोच, आणि रक्तावर शार्क आला तर आधी दिसतो तोही त्यालाच.

पकडल्यावरचं काम जवळपास सारखं आहे. मेंदूत सुरी घालून मासा लगेच शांत करायचा, कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं, मग आतडी काढून बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या गारेगार खोक्यात पूर्ण बुडवायचा. नुसत्या बर्फावर ठेवला तर वरची बाजू उन्हात तापत राहते. या जातीच्या माशांत तापमान वाढलं की जिवाणू हिस्टामिन तयार करतात, आणि ते एकदा झालं की शिजवून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज येते, डोकं ठणकतं आणि लोक समजतात माशाची ॲलर्जी आली. वाहूचं पोट कापलं की जठरात जाडजूड, जळवेसारखे किडे सापडतात, बहुतेक वेळा दोन. घाबरून मासा फेकू नका, ते जठरातच राहतात, मांस चांगलं असतं. दात मात्र दोघांचेही मेल्यावरसुद्धा तितकेच धारदार, मुंडक्याजवळ हात जपून.

खाण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक म्हणजे सिग्वाटेरा नावाची विषबाधा. रीफवरच्या सूक्ष्म जीवांचं विष लहान माशांतून मोठ्यात साठत जातं आणि सुरमई रीफच्या आसपास खात असल्याने क्वीन्सलँडला या विषबाधेत तिचं नाव वारंवार येतं, तिथल्या प्लॅटिपस बे मधल्या सुरमईवर तर याच कारणाने बंदी आली. वास नाही, चव नाही, बर्फाने किंवा शिजवून जात नाही. ओठ-बोटं झिणझिणतात, गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू शकतं. वाहू खुल्या समुद्रातला म्हणून धोका बराच कमी, शून्य नाही. त्यामुळे भली मोठी सुरमई दिसली तरी मी मध्यम आकाराचीच घ्या म्हणेन, आणि अनोळखी रीफवरची असेल तर पहिल्यांदा थोडीच खा, मुंडकं आणि लिव्हर तर नकोच.

चवीला सुरमई तेलकट आणि भरलेली, जाड तुकडी तव्यावर जरा जास्त राहिली तरी चालते. वाहूचं मांस पांढरं, तेल कमी, तशीच जाड तुकडी रवा लावून तळली तर आतून भुगा होतो, म्हणून पातळ कापा आणि लवकर उतरवा, नाहीतर सरळ कोकम घालून आमटीत टाका आणि शेवटच्या उकळीलाच.