कपॅसिटर मोठा घातला की बास वाढतो?

जुना हाय-फाय ॲम्प्लिफायर हाती आला की पहिला सल्ला मिळतो तो ‘पॉवर सप्लायचे कपॅसिटर बदलून घे’ असा. त्याला जोडूनच दुसरा येतो: ‘बदलतोच आहेस तर दुप्पट मायक्रोफॅरडचे घाल, मग बास बघ कसा दणदणीत होतो ते!’ पहिला सल्ला कधीकधी बरोबर असतो. दुसरा जवळपास कधीच नसतो. तो का चुकतो, आणि मग नवा कपॅसिटर निवडायचा तरी कशावरून, हे कळायला कपॅसिटरच्या त्या डब्याच्या आत डोकवावं लागतं. आत जे चाललेलं असतं ते मला ॲम्प्लिफायरच्या बाकी सगळ्या सर्किटपेक्षा जास्त मजेशीर वाटतं, त्यामुळे तिथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं, म्हणजे फिल्टर कपॅसिटरचं, काम थोडक्यात. ट्रान्सफॉर्मर मेन्सचं व्होल्टेज खाली आणतो. ब्रिज रेक्टिफायर त्या खालीवर होणाऱ्या व्होल्टेजच्या लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर घेतो. ५० हर्ट्झच्या मेन्सपासून असे सेकंदाला १०० उंचवटे मिळतात, ६० हर्ट्झ असेल तर १२०. दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात ॲम्प्लिफायरला वीज पुरवायची ती फिल्टर कपॅसिटरने. पुरवता पुरवता त्याचं व्होल्टेज थोडं उतरतं आणि पुढचा उंचवटा आला की पुन्हा चढतं. या चढउताराला रिपल म्हणतात.

आता तो डबा. शाळेत शिकलेला कपॅसिटर म्हणजे दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये विद्युतरोधक. पट्ट्यांचं क्षेत्रफळ जितकं जास्त आणि मधलं अंतर जितकं कमी, तितकी धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, जास्त. ती मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. निकामी झालेला, पूर्ण डिस्चार्ज केलेला कपॅसिटर हातमोजे घालून उघडला, तर आत एक घट्ट गुंडाळी निघते: ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये ओलसर कागद. पुस्तकातल्या आकृतीत बसवायला गेलं तर कुणीही म्हणेल, या दोन पट्ट्या आणि हा कागद विद्युतरोधक. तसं मुळीच नाही. कागदात भिजलेला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, वीज वाहून नेतो. कपॅसिटरची दुसरी ‘पट्टी’ खरं तर तोच. दुसरी ॲल्युमिनियमची पट्टी असते ती फक्त त्या द्रवापर्यंत जोडणी पोचवायला.

मग विद्युतरोधक कुठे आहे? तो डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या पट्टीच्या, म्हणजे धनाग्राच्या, पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक थर असतो. पट्टी द्रावणात बुडवून तिला धन व्होल्टेज दिलं की हा थर आपोआप वाढतो आणि ठरावीक जाडीला थांबतो. दर व्होल्टमागे सव्वा ते दीड नॅनोमीटर, इतकं सोपं गणित आहे. ६३ व्होल्टच्या कपॅसिटरची पट्टी कारखान्यात साधारण ९० व्होल्टपर्यंत चढवली, तर थराची जाडी भरते सुमारे १२० नॅनोमीटर. एका मिलिमीटरात असे आठ हजारांहून जास्त थर बसतील. या थरावर येणारा विद्युत ताण पाहा. हवेतून ठिणगी पडायला मिलिमीटरमागे साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. हा थर मात्र मिलिमीटरमागे ५ लाख व्होल्टचा ताण वर्षानुवर्षं झेलत बसलेला असतो.

क्षेत्रफळाचा हिशोबही करून पाहू. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पराविद्युत स्थिरांक, म्हणजे मध्ये तो असल्याने धारकता किती पट होते तो आकडा, ९ धरला, तर १०,००० मायक्रोफॅरडसाठी १२० नॅनोमीटर जाडीच्या थराचं क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मीटर लागतं. मुठीत मावणाऱ्या डब्यात तीन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब पृष्ठभाग! हे जमतं कारण थर चढवण्याआधी पट्टी रसायनांनी कोरलेली असते. तिच्यात सूक्ष्म भुयारं पडतात आणि खरं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढतं. म्हणून ती पट्टी चकचकीत नसते, मळकट करडी दिसते. आणि म्हणूनच दुसरी ‘पट्टी’ द्रवरूप असावी लागते, कारण त्या भुयारांत द्रवच शिरू शकतो.

पोलिश अभियंता कारोल पोलाक याने अशा कपॅसिटरच्या पेटंटसाठी १८९६ मध्ये अर्ज केला. त्याने हेरलेली गोष्ट अशी, की उदासीन किंवा किंचित आम्लारिधर्मी द्रावणात हा थर वीज बंद केल्यावरही टिकून राहतो. त्याने बोरॅक्सचं द्रावण वापरलं होतं.

थराचा सगळ्यात सुंदर गुण अजून सांगायचा राहिलाय. त्यात कुठे बारीक खोट निर्माण झाली, तर त्या जागेतून थोडी धारा गळू लागते. गळणारी धारा तिथल्या द्रवातलं पाणी विघटित करते, मोकळा झालेला ऑक्सिजन उघड्या ॲल्युमिनियमशी संयोग पावतो, आणि जखमेवर खपली धरावी तशी ती जागा पुन्हा ऑक्साइडने झाकली जाते. कपॅसिटर चालू आहे तोवर ही डागडुजी अखंड सुरू असते. पण फुकट नाही. तिच्यात पाणी खर्ची पडतं आणि हायड्रोजन तयार होतो. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हीच दुरुस्ती थांबलेली असते, थर ठिकठिकाणी कमकुवत झालेला असतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती धारा उसळते आणि कपॅसिटर तापतो. त्यामुळे जुना संच पहिल्यांदा लावताना व्होल्टेज हळूहळू चढवतात.

ध्रुव उलटे लावले तर काय होतं, हेही यावरून कळेल. ज्या पट्टीवर नीट थर नाही तीच धनाग्र बनते, धारा मोकाट वाहते, आत वायू साठतो, आणि डब्याच्या डोक्यावरच्या खाचा नेमक्या ज्या कामासाठी ठेवल्यात ते काम करतात: फाटून वायूला वाट देतात.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर धडाधड फुगू लागले होते, ते आठवत असेल. तिथे पाण्याचं प्रमाण जास्त असलेला इलेक्ट्रोलाइट होता, पण पाण्याला ॲल्युमिनियमपासून रोखणारी रसायनं त्यात पुरेशी नव्हती. चोरलेल्या फॉर्म्युल्याची गोष्टही तेव्हा फार रंगवून सांगितली गेली. रसायनशास्त्राला तिची गरज नाही.

एकंदरीत हा भाग रसायनाचा आहे, आणि तो रसायनासारखाच म्हातारा होतो. तळाच्या रबरी बुचातून इलेक्ट्रोलाइट सावकाश उडून जातो. द्रव कमी झाला की धारकता उतरते आणि अंतर्गत रोध, ज्याला दुरुस्तीवाले ईएसआर म्हणतात, तो चढतो. तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. डब्यावर ‘८५ अंश’ आणि माहितीपत्रकात ‘२००० तास’ असेल, तर ४५ अंशांना ते सोळापट, म्हणजे ३२,००० तास. रोज तीन तास गाणी ऐकणाऱ्याला हे जवळजवळ २९ वर्षं पुरावं. १०५ अंशांचा घेतला तर कागदावर आणखी चौपट, पण रबरी बूच काही शंभर वर्षं टिकत नाही. म्हणून उत्पादक अशा हिशोबांना सहसा १५ वर्षांची मर्यादा घालतात. तरीही निवड करायची तर १०५ अंशांचाच घ्यावा. किमतीतला फरक थोडा असतो.

गंमत म्हणजे मोठे फिल्टर कपॅसिटर सहसा आधी जात नाहीत. ते अंगाने मोठे असतात, बरेचदा थंड कोपऱ्यात असतात. आधी वाळतात ते हीटसिंक किंवा तापणाऱ्या रोधकांना चिकटून बसलेले छोटे कपॅसिटर. आणि मोठ्या डब्याच्या बुडाशी तपकिरी चिकट काही दिसलं तर दर वेळी ती गळती नसते. बऱ्याचदा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. मात्र काही जुने गोंद काळानुरूप वीज वाहू लागतात आणि शेजारच्या तारा कुरतडतात, त्यामुळे तो खरवडून काढलेलाच बरा.

स्पीकरमधून आवाजाच्या बटणाला न जुमानणारी १०० हर्ट्झची कर्कश गुरगुर येत असेल तर फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्या. ५० हर्ट्झची गोलसर गुणगुण बहुधा अर्थिंगच्या वेटोळ्याची (दोन उपकरणांच्या अर्थिंगच्या तारा एकमेकींना जोडल्या जाऊन बनलेल्या कड्याची) किंवा केबलची असते. तिच्यासाठी कपॅसिटर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता रिपल धारेकडे, म्हणजे भरताना आणि रिकामं होताना कपॅसिटरमधून जी धारा ये-जा करते तिच्याकडे, वळू. इथे थोडे आकडे आहेत, पण निवडीचा खरा निकष हाच. समजा ॲम्प्लिफायर सरासरी २ अँपिअर ओढतोय. कपॅसिटर भरला जातो तो फक्त उंचवट्याच्या टोकाशी, १० मिलिसेकंदांपैकी साधारण २ मिलिसेकंद. दहांचा हिशोब दोनांत भागवायचा, म्हणजे त्या वेळात १० अँपिअर यायला हवेत. या झटक्यांची वर्गमध्यमूळ किंमत (तेवढीच उष्णता निर्माण करणारी स्थिर धारा) काढली तर साडेचारच्या आसपास येते, आणि तिच्यातून लोडचा, म्हणजे ॲम्प्लिफायर ओढतो तो, स्थिर भाग वर्गाच्या हिशोबाने वजा केला की कपॅसिटरच्या वाट्याला ४ अँपिअर उरतात. म्हणजे लोडच्या दुप्पट! ईएसआर ३० मिलिओहम असेल, तर धारेचा वर्ग गुणिले रोध, जवळपास अर्धा वॅट उष्णता डब्याच्या गाभ्यात. हीच उष्णता वरच्या आयुष्याच्या गणितात शिरते. त्यामुळे माहितीपत्रकात मायक्रोफॅरडच्या शेजारी १०० किंवा १२० हर्ट्झची रिपल धारा दिलेली असते, ती आधी पाहावी. आजचा कपॅसिटर तीस वर्षांपूर्वीच्या त्याच आकड्याच्या कपॅसिटरपेक्षा लहान असतो. मोकळी जागा असेल तर त्याच धारकतेतला मोठा डबा निवडावा, कारण तो उष्णता चांगली बाहेर टाकतो.

आणि तो दणदणीत बास? १०,००० मायक्रोफॅरडवर २ अँपिअर, ८ मिलिसेकंद, म्हणजे १.६ व्होल्टचा रिपल. धारकता दुप्पट केली तर ०.८. पुरवठ्याचं शिखर ४२ व्होल्ट धरलं, तर तळ ४०.४ वरून ४१.२ वर जातो. यातून वाढणारी कमाल ताकद ४ टक्के, ०.१७ डेसिबल. हा फरक कोणत्याही कानाला कळणार नाही. शिवाय ३० हर्ट्झच्या सुराची अर्धी लाट सुमारे १७ मिलिसेकंद चालते. तेवढ्यात कपॅसिटर एकदा-दोनदा पुन्हा भरून होतो. लांबलचक बास पेलतो तो ट्रान्सफॉर्मर. धारकता वाढवली की भरण्याचे झटके उलट अधिक अरुंद आणि उंच होतात, आणि चालू करतानाचा पहिला लोंढा रेक्टिफायरला आणि फ्यूजला सोसावा लागतो. कपॅसिटर मूळ आकड्याइतकाच घ्यावा. तो मिळाला नाही तर २०–३० टक्के जास्त चालेल. मुळात यांची सहनमर्यादाच अधिक-उणे २० टक्के असते.

व्होल्टेज मात्र वरचं घ्या. ४२ व्होल्टचा पुरवठा मेन्स १० टक्के चढल्यावर ४६ ओलांडतो. ५० चा कपॅसिटर चालेल, ६३ चा निश्चिंत ठेवेल.

‘ऑडिओ ग्रेड’ नावाच्या प्रकरणावर दोन शब्द. एल्ना कंपनीच्या सिल्मिक मालिकेत कागदात खरोखर रेशमाचे तंतू असतात. पण पॉवर सप्लायमध्ये, जिथे कपॅसिटरचं काम १०० हर्ट्झचे खळगे भरायचं आहे आणि ॲम्प्लिफायर स्वतः उरलेला रिपल दाबून टाकतो, तिथे रेशमाने आवाज ‘मऊ’ होतो म्हणणं आणि दाराला लिंबू-मिरची बांधणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. ‘दोनशे तास वाजू द्या, मग खुलतो’ हेही तसंच. सुरुवातीच्या काही मिनिटांत थराची डागडुजी होऊन गळती धारा घटते हे खरं. पण काही मिलिअँपिअर कमी झाल्याचं ऐकू येत नाही. या काळात जे बदलतं ते बहुतेक ऐकणाऱ्याच्या डोक्यात बदलतं. मोठ्या कपॅसिटरला समांतर छोटा फिल्म (प्लास्टिकच्या पापुद्र्याचा) कपॅसिटर डकवण्याची पद्धतही अशीच. तारेच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे एक नॅनोहेन्री प्रेरकत्व, म्हणजे धारेतल्या झटपट बदलाला होणारा विरोध, असतं, त्यामुळे दहा सेंटिमीटर तारेपलीकडे बसवलेला फिल्म कपॅसिटर उपयोगाचा कमीच. कधी कधी तर तो अनुनादाची नवी भानगड उभी करतो.

बदलताना एक धोका गंभीर आहे. ६३ व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडमध्ये जवळपास २० ज्यूल ऊर्जा असते. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणं शूरपणाचं नाही. १०० ओहमचा १० वॅटचा वायरवाउंड रोधक टोकांना लावा. पाच-सहा सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याच्या खाली येतं. मग मीटरने मोजा, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा मोजा, कारण रोधक काढल्यावर व्होल्टेज स्वतःहून काही टक्के परत वर चढतं. जुन्या जोडण्यांचा फोटो काढून ठेवा आणि ग्राउंडची प्रत्येक तार होती त्याच टोकाला लावा. भरण्याचे झटके ज्या तारेतून जातात तिच्यावर सिग्नलचं ग्राउंड टेकलं, की अव्वल दर्जाचा कपॅसिटरही गुरगुरतो.

पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये तंतूचा साधा दिवा सिरीजमध्ये जोडा, एलईडी चालणार नाही. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर कपॅसिटर नीट भरले. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करून ध्रुव पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर दिवा काढून मीटर एसीवर ठेवा आणि थेट कपॅसिटरच्या टोकांवर रिपल मोजा, आधी शांततेत आणि मग गाणं चालू असताना. हे दोन आकडे जुना कपॅसिटर काढण्याआधीही लिहून ठेवले असतील, तर बदलण्याची गरज होती की नाही तेही कळेल.