मागच्या टायरचे माप (छोटी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल)

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींवर चालावी अशा बेताने बांधलेल्या मोटारसायकलीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. पुढचे चाक मोठे व अरुंद, मागचे लहान व रुंद, इंजिन बेताचे. अशा गाडीचा मागचा टायर झिजला की मालकाच्या मनात हमखास येते : या खेपेला एक नंबर मोठा घालू या. रिमवर चढणारे माप आणि गाडीला मानवणारे माप यांत फरक आहे, आणि छोट्या इंजिनाच्या गाडीत तो पहिल्या चढावरच कळतो.

२०१९ साली आलेल्या हीरो एक्सपल्स २०० चे मागचे माप १२०/८०-१८ आहे. यातले १२० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आणि १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच यांची ही खिचडी जगभर अशीच खपते. हिशेब मात्र सोपा. १२० चे ८० टक्के ९६. वरची आणि खालची भिंत मिळून १९२. १८ इंची रिम ४५७.२; एकूण व्यास ६४९.२ मिमी. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २.०४ मीटर पुढे सरकते. हे छापील माप झाले. त्याच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर रुंदीत काही मिलिमीटरचा फरक सहज निघतो, उंच रबरी गाठींच्या बटन टायरात तर जास्तच.

भारतात या जातीच्या गाड्यांची मापे एकसारखी नाहीत. हीरो इम्पल्सला (२०११) ११०/९०-१७ होता, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ ला (२०१६) १२०/९०-१७, पुढे हिमालयन ४५० ला (२०२३) १४०/८०-१७. इम्पल्स १५० सीसीची आणि नवी हिमालयन ४५० सीसीची, हे लक्षात घेतले की टायर इंजिनाबरोबर कसा वाढत गेला ते दिसते. १७ इंचात रस्त्यावरच्या टायरांची निवड मोठी; १८ इंच हे एंड्युरो (लांब पल्ल्याच्या कच्च्या वाटांच्या शर्यतीच्या) गाड्यांचे रूढ माप, त्यामुळे खऱ्या कच्च्या वाटेचे टायर तिथे जास्त मिळतात. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, मोठ्या गाड्या मागे १९ इंच वापरतात; तो मार्ग आपल्याकडच्या गाड्यांना नाही.

रुंदीपेक्षा उंचीकडे आधी पाहावे. एक्सपल्सला १२०/९०-१८ चढवला तर व्यास ६७३.२ मिमी होतो, म्हणजे २४ मिमीने वाढतो. टक्क्यांत ३.७. ऐकायला किरकोळ, पण मागच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवते त्या दातेरी चक्राचे) ४० दात असतील तर त्यातले दीड दात काढून टाकल्यासारखा हा बदल आहे. गाडीची ताकद सुमारे १८-१९ अश्वशक्ती, मागे माणूस आणि सामान, समोर महूहून जानापावला जाणारा चढ. जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये निघत होता तिथे पहिला टाकावा लागतो. जड टायर फिरवायला आणि थांबवायला लागणारे जादा बळ वेगळेच. मागची बाजू १२ मिमी उचलली जाते, पुढचा फोर्क तेवढा उभा होतो, हँडल थोडे चंचल वाटते, आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. वेगाचा काटा पुढच्या चाकावरून चालत असेल तर तो बिघडत नाही. गिअरबॉक्सवरून किंवा मागच्या चाकावरून चालत असेल तर ६० दाखवताना गाडी ६२ वर असते.

आता रुंदी. १४०/८०-१८ हा एंड्युरोत चालणारा टायर आणि दिसायला दमदार. तो छापील मापाने दोन्ही बाजूंना १०-१० मिमी पसरतो आणि उंचीतही ३२ मिमीने वाढतो. मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्या, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये एवढी मोकळीक क्वचितच असते. डाव्या बाजूला चेन असेल तर आधी तिथेच अडते. इंदूरच्या एका गॅरेजात ऐकलेला संवाद असा : ‘‘काका, एकशे चाळीस बसेल का?’’ ‘‘बसेल हो. फिरेल का ते बघ.’’ असे म्हणून काकांनी दहा नंबरच्या पान्याचा दांडा चेन आणि टायरच्या मधल्या फटीत घालून पाहिला. जुन्या, मूळ मापाच्या टायरातही तो जेमतेम सरकला. पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. रिमचाही प्रश्न असतोच. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, त्याचा माथा गोल होतो, आणि ज्या जादा रबरासाठी पैसे मोजले ते जमिनीला पूर्ण टेकतच नाही.

मोकळ्या फटीचे महत्त्व माळव्याइतके थोड्या ठिकाणी पटेल. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी ज्या भूमीची थोरवी गातात तिथली काळी माती पावसात फुगते आणि मेणासारखी चिकटते. शेतवाटेने शंभर-दोनशे मीटर गेले की टायरची बटने भरतात, मग चिमट्याच्या पुढच्या बेचक्यात आणि मडगार्डखाली गोळा साचतो, आणि फट कमी असेल तर चाक जागच्या जागी थांबते. इंजिन चालू, क्लच जळतोय, गाडी हलत नाही. मग काडीने माती खरवडत बसा. अशा मातीत अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच पसरून घसरतो. रुंदीचा खरा फायदा मऊ वाळूत. इंदूरहून जामगेटचा घाट उतरून मंडलेश्वर-महेश्वरकडे नर्मदाकाठी गेल्यावर तशी वाळू भेटते. पण त्या एका किलोमीटरसाठी वर्षभर जड टायर ओढण्यात अर्थ नाही. तिथे हवा कमी करावी.

हवा आणि नक्षी यांनी जेवढा फरक पडतो तेवढा मापाने पडत नाही, असे या लेखकाचे मत आहे. रस्त्यावर मागे २८ ते ३२ पीएसआय ठेवणारा माणूस कच्च्यात २० च्या आसपास उतरला की तोच टायर वेगळा वागतो. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, म्हणून फार खाली जाऊ नये : दगडावर आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन समांतर चिरा पडतात, किंवा टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. त्यासाठी टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा रिमलॉक मिळतो. विरळ, उंच बटनांचा टायर चिखलात माती झटकतो, पण डांबरावर गुणगुणतो आणि लवकर झिजतो.

टायरवर छापलेले बाकीचे आकडे झटपट. मापानंतर ६२ असेल तर तो भाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे त्या टायरची भारक्षमता २६५ किलो. त्याखाली जाऊ नये. पुढचे अक्षर वेगाचे : पी म्हणजे ताशी १५० किमी, एस म्हणजे १८०. छोट्या गाडीला पी पुरतो. तिला पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर पळवायचे नाही. चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘अगदी नवा माल’ म्हणून पुढे केलेल्या टायरवर तो आधी वाचावा. कंपनीने ठरवलेल्या तपशिलापासून फारकत घेणारे बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात.

मूळ १२०/८०-१८ सोडायचाच असेल तर ११०/९०-१८ चा विचार करावा. रुंदी १० मिमी कमी, व्यास ६५५.२, म्हणजे उंची जवळजवळ तीच. गिअरिंगला धक्का नाही आणि चेनजवळ जागा वाढते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५० च्या मागच्या चाकाचे हेच माप असल्याने रस्त्याचा टायर कुठेही मिळतो. मूळ १२०/८०-१८ देखील २०२१ नंतरच्या क्लासिकला येतो, त्यामुळे आडगावातही अडत नाही.

टायर बदलल्यावर चेन नव्याने ताणली जाते आणि चाक चिमट्यात थोडे पुढे-मागे होते. म्हणून पन्नासेक किलोमीटर चालवून गाडी मेन स्टँडवर किंवा विटांवर चढवावी आणि चाक हाताने फिरवत डावीकडच्या बटनांची कड पाहावी. तिथे पैशाच्या नाण्याएवढी चकचकीत खूण दिसली तर चेन घासते आहे.