वैमानिकांचा थकवा आणि झोपेचे नियोजन

अपुरी झोप, सलग फार वेळ जागरण, शरीराच्या घड्याळाविरुद्ध केलेले काम आणि कामाचा ताण यांमुळे वैमानिकाची सावधता व निर्णयशक्ती खालावते. या अवस्थेला विमानवाहतुकीत थकवा म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने केलेली व्याख्या याच चार कारणांभोवती बांधलेली आहे. बसून विश्रांती घेतल्याने हा थकवा उतरत नाही. त्याला झोपच लागते. तो ओळखणे, त्याला आवर घालणारे नियम करणे आणि वैमानिकाला प्रत्यक्षात झोप मिळेल अशी सोय लावणे हे थकवा-व्यवस्थापनाचे काम. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरची बरीच उड्डाणे रात्री उशिरा आणि पहाटे होतात, त्यामुळे हा विषय पुण्याच्या फार जवळचा आहे.

शरीराचे घड्याळ : माणसाला झोप कधी लागते हे दोन गोष्टींवर ठरते. जागेपणाचे तास वाढतात तसे मेंदूत ॲडिनोसिन हे रसायन साठते आणि झोपेचा दाब वाढत जातो. त्याच वेळी मेंदूतले सुमारे २४ तासांचे घड्याळ उजेड-अंधाराच्या आधाराने दिवसा जागे ठेवते आणि रात्री झोपेकडे नेते. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही दुहेरी मांडणी केली. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते याच्या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. पहाटे २ ते ६ हा या घड्याळाचा सर्वांत खोल उतार. शरीराचे तापमान तेव्हा सर्वांत कमी असते, प्रतिसाद मंदावतो, आणि काही सेकंदांची नकळत डुलकी लागू शकते. उतरताना प्रवासी विमानाचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो. डोळे ५ सेकंद मिटले तर तेवढ्यात विमान साडेतीनशे मीटर पुढे गेलेले असते, आणि लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरचीच आहे.

थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे नीट कळत नाही, ही यातली सर्वांत अवघड बाब. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मंद होतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. मद्य तपासण्यासाठी श्वासाचे यंत्र आहे आणि भारतात ती तपासणी फार कडक आहे. झोप मोजणारे यंत्र मात्र रिपोर्टिंगच्या, म्हणजे ड्युटीवर हजर होण्याच्या, काउंटरवर नाही. तिथे वैमानिकाच्या शब्दावर आणि रोस्टरवरच्या (ड्युटीच्या वेळापत्रकातल्या) आकड्यांवर विसंबावे लागते.

लोहगावची वेळ : लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे, नागरी टर्मिनल त्याच्या एका कडेला. सुखोई-३० लढाऊ विमानांच्या सरावाच्या वेळा राखून जे तास उरतात ते प्रवासी विमानांच्या वाट्याला येतात. दिवसाच्या जागा अपुऱ्या पडतात आणि वेळापत्रक रात्रीकडे सरकते. म्हणूनच मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता विमाननगरच्या रस्त्यावर बॅगा ओढणारी माणसे दिसतात. २०२०-२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी रात्रीची उड्डाणे वर्षभर बंद होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ १४ दिवस पूर्ण बंद राहिला. काम संपल्यावर रात्रीची वर्दळ परत आली. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, त्याने प्रवाशांची गर्दी सुटसुटीत केली; धावपट्टीचे तास मात्र तेच राहिले.

वैमानिकाच्या थकव्याचा विषय निघाला की लोकांना आधी जेट लॅग आठवतो. पुण्यातून दूर पल्ल्याची उड्डाणे जवळपास नाहीत. दुबई, सिंगापूर, बँकॉक एवढाच पल्ला. इथला थकवा कालविभाग ओलांडल्याचा कमी आणि पहाटेच्या हजेरीचा जास्त आहे. उदाहरण घेऊ. पुण्यात राहणाऱ्या वैमानिकाची ड्युटी दुपारी २ वाजता संपली. नियमाने किमान १२ तास विश्रांती हवी. दुसऱ्या दिवशी पावणेसहाचे उड्डाण, म्हणजे पावणेपाचच्या सुमारास रिपोर्टिंग. मध्ये पावणेपंधरा तास आहेत, कागद चोख आहे. पण वैमानिक कोथरूडला राहत असेल तर पिकअपची गाडी चारच्या आधी दारात येते आणि गजर तीनचा लावावा लागतो. आठ तास झोपायचे तर संध्याकाळी सातला डोळा लागायला हवा, आणि नेमके संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत शरीराचे घड्याळ जागेपणाला सर्वांत जास्त जोर देते. अंथरुणावर पडून छताकडे पाहण्यात दोन तास जातात. प्रत्यक्षात झोप पाच-सहा तासांची होते. असे लागोपाठ तीन दिवस झाले की सहा-नऊ तासांची थकबाकी साचते, आणि तिचा मागमूस रोस्टरवर कुठेच नसतो. विश्रांतीचे तास आणि झोपेचे तास यांतली ही तफावत हाच या विषयाचा गाभा आहे. बहुतेक नियम पहिले मोजतात आणि दुसरे मिळाले असे धरून चालतात.

दिवसाची झोप : रात्रभर उडून सकाळी घरी आलेल्या वैमानिकाला दिवसा झोपावे लागते. बरेच वैमानिक सोयीसाठी विमाननगर, कल्याणीनगर, खराडी, वडगाव शेरी या भागांत राहतात. अंतर वाचते, पण झोपायच्या वेळीच डोक्यावरून लढाऊ विमाने जातात. शिवाय घंटागाडीचे गाणे, कुकरच्या शिट्ट्या, पार्सलवाल्याची बेल, वरच्या मजल्यावरचे ड्रिलिंग. गणेशोत्सवाआधीच्या महिन्यांत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, आणि रात्रीच्या ड्युटीवर जाणाऱ्याची डुलकी घेण्याची वेळ तीच असते. दिवसा झोपलेला माणूस सहसा रात्रीपेक्षा दीड-दोन तास कमी झोपतो, कारण घड्याळ त्याला उठवत असते. आवाज त्यात भर घालतो. त्यामुळे जाड काळे पडदे, खोली थंड ठेवणे, फोन दुसऱ्या खोलीत, सकाळी घरी येताना गडद चष्मा या साध्या गोष्टींना इथे औषधाइतके महत्त्व आहे. घरच्यांचा वाटाही मोठा आहे. सासूबाईंनी दुपारी पाहुण्यांना थोपवले, मुलांनी टीव्हीचा आवाज बंद ठेवला, तर त्याचा थेट फायदा त्या रात्रीच्या विमानातल्या प्रवाशांना होतो. सोसायट्यांनी दुपारच्या कामांच्या वेळा ठरवताना रात्रपाळीवाल्यांचा विचार करायला हवा. खराडी-हिंजवडीच्या आयटी कर्मचाऱ्यांमुळे पुण्यात अशी हजारो घरे आहेत.

काहींची ड्युटी मुंबईहून सुरू होते आणि घर पुण्यात असते. त्यांचा द्रुतगती मार्गावरचा तीन-चार तासांचा प्रवास ड्युटीत धरला जात नाही. रात्रीच्या उड्डाणानंतर स्वतः गाडी चालवत घाट चढणे हे कॉकपिटमधल्या जागरणाइतकेच धोक्याचे आहे. पिकअपचा चालकही रात्रभर जागाच असतो, आणि वैमानिकांच्या नियमांत त्याच्या झोपेला जागा नाही.

अपघातांनी शिकवलेले : १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्युबातील ग्वांतानामो बे येथे एक मालवाहू डीसी-८ उतरताना कोसळले. तिन्ही कर्मचारी वाचले. अमेरिकेच्या तपास मंडळाने कर्मचाऱ्यांचा थकवा हे संभाव्य कारण म्हणून नोंदवलेला हा पहिला मोठा विमान अपघात. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून ५० जण मेले. दोन्ही वैमानिक दूरच्या गावांहून ड्युटीला आलेले होते आणि त्यांची झोप नीट झालेली नव्हती. त्यानंतर अमेरिकेने कामाच्या तासांचे नियम बदलले, ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले.

भारताला हा धडा मंगळूरने दिला. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ सकाळी सहाच्या सुमारास टेबलटॉप म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधले उपलब्ध ध्वनिमुद्रण २ तास ५ मिनिटांचे होते. त्यातली पहिली १ तास ४० मिनिटे कॅप्टन बोललाच नाही, घोरण्याचा आवाज मात्र नोंदला गेला. विमान खूप उंचावरून येत होते, सहवैमानिकाने उतरणे सोडून द्या असे सांगितले, तरी कॅप्टन उतरत राहिला. अस्थिर पद्धतीने उतरणे न थांबवणे हे कारण ठरले. दीर्घ झोपेतून उठल्यानंतरची गुंगी अहवालाने त्याला हातभार लावणाऱ्या कारणांत धरली. ही गुंगी साधारण १५ ते ३० मिनिटे टिकते, कधी त्याहून जास्त.

छोट्या झोपेचे शास्त्र त्यामुळे वेगळे शिकावे लागते. नासाने दूर पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची नियोजित संधी दिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि पुढच्या टप्प्यात अधिक सावध राहिले. हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही देशांनी कॉकपिटमधली अशी विश्रांती नियमांत बसवली, अमेरिकेने प्रवासी कंपन्यांना ती दिलेली नाही. कॉफी उपयोगी आहे, पण तिचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. पहाटे चारची कॉफी सकाळी नऊची झोप खाते.

भारतातील नियम : कामाच्या तासांच्या मर्यादांना वैमानिक एफडीटीएल म्हणतात. उड्डाणाचे ७ दिवसांत ३५ तास आणि ३६५ दिवसांत १,००० तास ही जुनी चौकट. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ती कडक केली. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढली. रात्रीत शिरणाऱ्या ड्युटीत उतरण्यांची मर्यादा ६ वरून २ वर आली, उड्डाण ८ तासांवर व ड्युटी १० तासांवर थांबली, आणि कंपन्यांना थकव्याचे तिमाही अहवाल देणे बंधनकारक झाले. वर सांगितलेले पावणेपाचचे रिपोर्टिंग जुन्या नियमातही रात्रीतच पडत होते. एका तासाच्या वाढीने सव्वापाच-साडेपाचची हजेरीही रात्रीत आली, आणि पुण्याच्या सकाळच्या पहिल्या फेऱ्यांसाठी हा एक तास फार मोलाचा आहे. अंमलबजावणी लांबली. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात नव्या नियमांनुसार वैमानिक पुरे न पडल्याने इंडिगोची देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली. पुण्यातही प्रवासी तासन्‌तास अडकले आणि वैमानिकांअभावी उभ्या राहिलेल्या विमानांनी पार्किंगच्या जागा अडवल्या. महासंचालनालयाने कंपनीला रात्रीच्या तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. त्या दिवसांत नियमांनाच दोष देणारे बरेच बोलले गेले. ते चुकीचे होते: नियम जाहीर होऊन जवळपास दोन वर्षे झाली होती, आणि तेवढ्या काळात वैमानिकांची भरती व रोस्टरची आखणी करणे शक्य होते.

तासांच्या मर्यादेपुढची पायरी म्हणजे थकवा-जोखीम व्यवस्थापन प्रणाली. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये तिची मानके आणली. वैमानिकांच्या झोपेच्या नोंदी, मनगटावरची हालचाल-नोंद उपकरणे, थकव्याचा अंदाज बांधणारी संगणकीय प्रतिमाने आणि वैमानिकांनी दिलेले अहवाल यांच्या आधारे रोस्टर सतत सुधारत राहणे अशी तिची पद्धत. ती चालते विश्वासावर. ‘आज मी उडण्याच्या स्थितीत नाही’ असे सांगणाऱ्याला पगारकपातीची किंवा बढतीत मागे पडण्याची धास्ती असेल, तर फटीग रिपोर्ट येत नाहीत आणि कंपनीला आपले रोस्टर उत्तम आहे असे वाटत राहते. कॅप्टनपेक्षा नव्या सहवैमानिकाला हे सांगणे अधिक कठीण जाते. प्रशिक्षणाचे लाखो रुपयांचे कर्ज त्याच्या डोक्यावर असते.

पुरंदर तालुक्यात पारगाव, खानवडी, वनपुरी आदी सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ प्रस्तावित आहे. तिथे लष्करी सरावाचे बंधन नसल्याने दिवसाच्या फेऱ्या वाढवता येतील. मात्र विमाननगर-खराडीत घरे केलेल्या वैमानिकांना तेव्हा दिवे घाटाच्या बाजूने रोज ये-जा करावी लागेल, आणि पहाटेचा गजर आणखी अलीकडे येईल.