गाय मोटर्स

गाय मोटर्स ही इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे लॉरी, बस आणि ट्रॉलीबस (वरच्या विजेच्या तारांवर चालणारी बस) बनवणारी कंपनी होती. सनबीम या मोटारकंपनीच्या कारखान्याचे व्यवस्थापक सिडनी गाय यांनी ती नोकरी सोडून १९१४ मध्ये शहराच्या फॉलिंग्ज पार्क भागात ही कंपनी काढली. सुरुवात लॉरीपासून झाली. १९२६ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या नगरपालिकेसाठी तिने तीन आसांची दुमजली ट्रॉलीबसही तयार केली. कंपनीच्या गाड्यांच्या रेडिएटरच्या झाकणावर पिसांचा शिरपेच घातलेल्या अमेरिकन आदिवासी प्रमुखाचे मस्तक असे, आणि त्यावरून तिची गाडी दुरूनही ओळखू येई.

कंपनीचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते दुसऱ्या महायुद्धात. नागरी वाहतुकीसाठी दुमजली बसची निकड भासू लागली, तेव्हा सरकारने हे काम या तुलनेने छोट्या कारखान्याकडे सोपवले आणि १९४२ पासून 'अरब' या नावाच्या चासी (इंजिन आणि चाकांसह गाडीचा खालचा सांगाडा) बाहेर पडू लागल्या. ॲल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे अनेक भाग बिडाचे करावे लागले. गाडी जड झाली, पण गार्डनर या कंपनीच्या डिझेल इंजिनामुळे ती भरवशाची आणि इंधनाला काटकसरी ठरली. तिच्यावर इतर कारखान्यांनी चढवलेल्या बॉडी मात्र युद्धकाळाला साजेशा होत्या: कोनाकोनांचे पत्रे, काही गाड्यांत लाकडी पट्ट्यांची बाके, आणि नीट न वाळवलेल्या लाकडाचा सांगाडा. तो सांगाडा काही वर्षांतच कुजू लागला, तरी खालची चासी धडधाकट असल्याने अनेक बससेवांनी तिच्यावर नवी बॉडी चढवून त्याच गाड्या पुढे कित्येक वर्षे चालवल्या. या कारखान्याच्या कसबाची याहून चांगली साक्ष सापडणे कठीण आहे. पुढे हाँगकाँगमध्येही अरब बस मोठ्या संख्येने धावल्या.

१९४८ मध्ये कंपनीने सनबीमचा ट्रॉलीबस व्यवसाय विकत घेतला. ज्या नावाखाली सिडनी गाय यांनी एकेकाळी नोकरी केली होती, ते असे त्यांच्याच कंपनीकडे आले. १९५७ मध्ये ते निवृत्त झाले.

१९५९ ची 'वुल्फ्रुनियन' बस धाडसी होती. शहराला जिच्यावरून नाव मिळाले त्या वुल्फ्रुन या स्त्रीचे नाव तिला दिले होते. हवेवर चालणारे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि पुढच्या दाराशी, चालकाच्या शेजारी बसवलेले इंजिन, इतक्या नव्या गोष्टी तिच्यात एकदम आणल्या गेल्या. पुढच्या आसावर अतिरिक्त भार पडला, ब्रेक आणि सस्पेन्शन वारंवार बिघडू लागले, आणि अवघ्या १३७ गाड्या बनल्या. त्यातच दक्षिण आफ्रिकेत स्वतःच विक्री करण्याच्या निर्णयाने मोठा तोटा झाला. १९६१ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलेली कंपनी जॅग्वारने विकत घेतली. जॅग्वारच्या काळात 'बिग जे' ही अवजड लॉरी चांगली चालली. पुढे मालकी ब्रिटिश लेलँडकडे गेली आणि १९८२ मध्ये फॉलिंग्ज पार्कचा कारखाना बंद झाला.