कारणवाक्य (युरोपीय भाषांतील)

कारणवाक्य : एखादी गोष्ट का घडली किंवा का केली, हे सांगणारे जोडवाक्य. मराठीत हे काम प्रामुख्याने ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘-मुळे’ यांवर भागते. युरोपीय भाषांत नुसत्या ‘कारण’ला दोन-तीन शब्द असतात आणि ते एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत.

जर्मनमध्ये हा फरक क्रियापदाच्या जागेवरून लगेच कळतो. ‘डेन्न’नंतर प्रधान वाक्याचा क्रम कायम राहतो : ‘डेन्न इश बिन क्रांक’ (कारण मी आजारी आहे). ‘वाइल’ मात्र गौण वाक्य सुरू करते आणि कर्त्याप्रमाणे रूप बदलणारे क्रियापद शेवटी ढकलते : ‘वाइल इश क्रांक बिन’. मराठी विद्यार्थ्याला हे सोपे जायला हवे. ‘वाइल इश ब्रोट गेकाउफ्ट हाबं’ आणि ‘कारण मी पाव घेतला आहे’ यांत शब्दामागून शब्द जुळतो. तो अडखळतो ते ‘वाइल’ने वाक्याची सुरुवात केल्यावर. अख्खे कारणवाक्य पहिली जागा अडवते आणि प्रधान वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी लागते, त्यामुळे स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद हवे, मग कर्ता : ‘वाइल इश क्रांक बिन, ब्लायबं इश त्सु हाउझं’ (मी आजारी आहे म्हणून घरी राहतो). इथे सवयीने कर्ता आधी येतो आणि वाक्य चुकते. शेवटच्या जागेच्या नियमालाही अपवाद आहे : दोन धातुरूपे (न चालवलेली मूळ क्रियापदे, इथे ‘कोमन’ आणि ‘क्योनन’) एकत्र आली की साहाय्यक क्रियापद त्यांच्या आधी बसते, ‘वाइल इश निश्ट हाबं कोमन क्योनन’ (कारण मला येता आले नाही).

‘डेन्न’चे वाक्य आधी आणता येत नाही, ‘वारुम?’ (का?) या प्रश्नाला सुटे उत्तर म्हणूनही ते चालत नाही. तिथे ‘वाइल’च हवे. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेले कारण बहुधा ‘डा’ने, आणि तेही वाक्यारंभी येते. बोलताना मात्र ‘वाइल’नंतर थोडे थांबून क्रियापद दुसऱ्या जागी ठेवणारे पुष्कळ आहेत, विशेषतः ‘तो घरी आहे, कारण दिवा लागलाय’ अशा वाक्यांत. दिव्यामुळे तो घरी आलेला नाही. दिवा हा बोलणाऱ्याच्या अंदाजाचा आधार आहे. प्रमाण लेखनात ही रचना चूकच धरतात.

डचमध्ये ‘वांट’ आणि ‘ओमदात’ ही अशीच जोडी आहे. शिवाय कुणाच्या हेतूशिवाय घडलेल्या गोष्टीच्या कारणासाठी ‘दोरदात’ वेगळे. फ्रेंचमध्ये क्रियापद हलत नाही, निवड आशयावर ठरते : नवे कारण ‘पार्स कं’, समोरच्याला मान्य असलेले ‘प्युइस्क’, ‘कार’ मुख्यतः लेखी भाषेतले. इटालियन ‘पेर्के’ प्रश्नालाही चालते, उत्तरालाही. संभावनार्थी (घडलेले नव्हे, तर इच्छिलेले वा संभाव्य दाखवणारे) क्रियापद आले की त्याचा अर्थ ‘यासाठी की’ असा होतो.

लॅटिनमध्ये कारण कोणाचे, हे क्रियापदाच्या ‘अर्था’वरून, म्हणजे निश्चय की संभावना दाखवणाऱ्या रूपावरून, कळते. ‘क्वोद’नंतर निश्चयार्थ आला तर कारणाची जबाबदारी लेखक घेतो, संभावनार्थ आला तर ते दुसऱ्याचे म्हणणे ठरते. सॉक्रेटिसवर तरुणांना बिघडवल्याचा ठपका होता, हे सांगताना ‘कॉर्रुम्पेरेत’ हे संभावनार्थी रूप वापरले, की आरोप फिर्यादींच्या पदरी राहतो.