मारियाल्वा: डोंगरावरच्या रिकाम्या गावाला जाण्याआधी

नमस्कार मंडळी,

आपल्या पोर्तुगाल सहलीत एक अख्खी दुपार मारियाल्वासाठी ठेवली आहे. बुकिंगच्या वेळी हमखास विचारणा होते, "पडक्या घरांत तीन तास काय करायचं?" त्याचं उत्तर निघायच्या आधीच तुमच्या हाती असावं, म्हणून हे पत्रक.

मारियाल्वा ईशान्य पोर्तुगालमध्ये, ग्वार्दा जिल्ह्यात आहे. पोर्तोहून गाडीने साधारण दोन-अडीच तास लागतात. माथ्यावर ग्रॅनाइटची तटबंदी आणि तिच्या आत मध्ययुगीन गाव. तिथे आज कोणीच राहत नाही. तटाबाहेरच्या उतारावरच्या वस्तीत मात्र माणसं आहेत, दारात कुंड्या आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात. आधी ही वस्ती आणि मग वेशीतून आत, याच क्रमाने आम्ही नेतो. आत पाऊल टाकल्यावरची शांतता त्यामुळेच जाणवते.

गाव एका रात्रीत ओस पडलेलं नाही. पहिला राजा आफोन्सो एन्रिकेश याने 1179 मध्ये इथल्या रहिवाशांना सनद दिली, कारण सरहद्दीवर माणसं टिकायला हवी होती. 1286 मध्ये राजा दिनिश याने इथे बाजार भरवायला परवानगी दिली. त्याच राजाने 1297 मध्ये शेजारच्या कॅस्टिल राज्याशी (आजच्या स्पेनचा भाग) तह केला आणि सरहद्द पूर्वेकडे सरकली. पहाऱ्याचं महत्त्व उतरू लागलं. पुढच्या शतकांत शेत आणि पाणी जवळ म्हणून एकेक घर डोंगराखाली आलं. 1855 मध्ये मारियाल्वाचा तालुक्याचा दर्जाही गेला.

यात गोव्याचा एक धागा आहे. इथल्या किल्लेदारीचा मान ताव्होरा घराण्याकडे होता. त्यातले मार्केश (हा सरदारकीचा किताब) फ्रान्सिश्कु 1750 ते 1754 या काळात गोव्यात व्हाइसरॉय होते, आणि पत्नी लिओनोरही त्यांच्यासोबत गोव्याला आल्या होत्या. 1758 मध्ये राजावर गोळीबार झाला, त्याचा आळ या घराण्यावर आला आणि 13 जानेवारी 1759 रोजी लिस्बनमध्ये दोघांनाही देहदंड झाला. मारियाल्वाच्या उतरत्या काळात हाही एक घाव.

चौकात पोहोचलात की घाई करू नका. मधोमध पायऱ्यांवर दगडी खांब आहे. गावाच्या न्यायाधिकाराची ती खूण, गुन्हेगाराला शिक्षाही तिथेच व्हायची. शेजारी पाण्याचं टाकं, जुनी कचेरी आणि तुरुंग. 'तुरुंग' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला मानतात. छपरं गेली, भिंती उभ्या आहेत. एखाद्या घराच्या भिंतीकडे नीट पाहा: वासे रोवायच्या खोबण्या अजून ओळीने दिसतात. वरचा मजला कुठे होता, माणसं कुठे झोपायची, ते त्यावरून कळतं. आम्हाला स्वतःला बुरुजापेक्षा या खोबण्या जास्त बोलक्या वाटतात.

पायात पकड असलेले बूट हवेत. पावसात ग्रॅनाइट निसरडा होतो आणि तटावर सगळीकडे कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका. भिंतींवर चढू नका, सुटा दगड जागचा हलवू नका. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, खालच्या वस्तीत बसायची सोय करू. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवा. फेब्रुवारी-मार्चची सहल असेल तर वाटेवर बदाम फुललेले दिसतील, पण अंगात जाड स्वेटर हवाच.

शाकाहारी मंडळींसाठी: इथल्या हिरव्या भाजीच्या सूपमध्ये बहुधा सॉसेजचे काप असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. सेरा द इश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचं चीज मात्र निर्धास्त खा. त्याचं दूध काटेरी फुलाच्या अर्काने गोठवतात, त्यात जनावराचं रेनेट, म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेलं विरजण, नसतं. सोबत पाव. तो शब्द तिथेही जवळपास तसाच आहे, दुकानदाराला लगेच कळतो.

परतीची गाडी वेशीपाशी नाही, खालच्या वस्तीत उभी असेल. अंधार पडायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी तिथे जमायचं आहे.