शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये नो-कोड ॲप एम्बेड करणं

सगळेजण मिळून एडिट करतात अशा ऑनलाइन डॉक्युमेंटच्या पानातच एखादं चालू ॲप बसवणं म्हणजे एम्बेड करणं, आणि ते ॲप कोड न लिहिता ग्लाइड, एअरटेबल, ॲपशीट असल्या टूलवर बनवलेलं असलं की ते नो-कोड ॲप. पानात स्क्रीनशॉट चिकटवला तर त्यातला आकडा त्या दिवशीचाच राहतो. एम्बेड केलेलं असलं तर मूळ टेबलमध्ये आकडा बदलला की पानातपण बदलतो, आणि परवानगी असेल तर तिथूनच नवीन नोंदही टाकता येते.

कल्पना तशी जुनी आहे. मायक्रोसॉफ्टनं 1990 मध्ये ओएलई नावाचं तंत्र आणलं, त्यामुळं वर्डच्या फाइलमध्ये एक्सेलचा तक्ता बसवता यायला लागला. वेबवर हेच काम आयफ्रेम करते, वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या 1997 च्या 4.0 आवृत्तीत ती आली. एका पानात दुसऱ्या पानाची खिडकी, एवढंच तिचं काम. नोशन या ऑनलाइन डॉक्युमेंटच्या टूलमध्ये स्लॅश टाइप करून एम्बेड निवडायचं आणि लिंक पेस्ट करायची. वेबसाइट बनवायच्या गुगल साइट्समध्ये लिंक आणि कोड दोन्ही चालतं, पण गुगल डॉक्समध्ये अशी खिडकी उघडत नाही, त्यामुळं साइट्सच्या एकाच पानावर वर डॉक आणि खाली ॲप असं बसवतात.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना डोळ्यापुढं आणा. ऑर्डरचं डॉक्युमेंट एकच, त्यात साइज, वजन, रंग, बॉर्डर, पॅकिंग सगळं लिहिलेलं, मालक तेच बघतो, डाईंगवालापण तेच बघतो, पण आज किती नग उतरले ते मात्र वहीत नाहीतर व्हॉट्सॲपवर. त्याच पानात ऑर्डरच्या खाली छोटा फॉर्म बसवला, लूम नंबर, शिफ्ट, चांगले नग, डागी नग, की चेकिंगच्या टेबलावरचा माणूस मोबाईलवरून भरतो आणि त्याच्या शेजारच्या तक्त्यात बेरीज लगेच दिसते. इथं एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, रंग टाइप करायला देऊ नका, ड्रॉपडाऊनच द्या, कारण एकजण निळा लिहितो, दुसरा ब्लू, तिसरा नेव्ही, आणि बेरीज तीन ठिकाणी फुटते.

सगळ्यात जास्त घोळ परवानगीत होतो. डॉक्युमेंटची परवानगी वेगळी आणि ॲपची वेगळी, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. मी स्वतः एकदा डॉक्युमेंट फक्त दोघांना शेअर केलं आणि आतला तक्ता मात्र लिंक असेल त्या कुणालाही उघडेल असा ठेवला, ती लिंक एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडं गेली आणि त्याला पहिल्याचे भाव दिसले, ते निस्तरायला मला दोन दिवस फोनवर बसावं लागलं. तेव्हापासून भावाचा कॉलम मी एम्बेडच्या व्ह्यूमधून लपवून नाही ठेवत, तो वेगळ्या टेबलमध्येच ठेवतो. उलटं पण होतं. ॲपला लॉगिन लागत असेल तर खिडकीत नुसतं कोरं पान येतं आणि "मालक, काहीच दिसंना झालंय की ओ" असा फोन येतो. सफारीसारखे ब्राउझर दुसऱ्या साइटच्या कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, अडवतात म्हणून आतलं लॉगिन टिकत नाही. काही साइट तर स्वतःला दुसऱ्याच्या पानात उघडूच देत नाहीत, एक्स-फ्रेम-ऑप्शन्स नावाच्या हेडरनं, म्हणजे पानासोबत येणाऱ्या सूचनेनं, त्या तसं ब्राउझरला कळवतात. ते बरोबरच आहे, कारण बँकेचं पान कुणी अदृश्य करून खोट्या बटणावर पसरलं तर माणूस नकळत भलतीकडंच क्लिक करेल.

मोबाईलवर खिडकीची उंची कमी पडली तर पान वेगळं सरकतं आणि आतला तक्ता वेगळा, बोट कुठं ठेवायचं तेच कळत नाही, म्हणून फॉर्म चार-पाच रकान्यांच्या वर नेऊ नये. आणि डॉक्युमेंटची पीडीएफ काढली की ॲपच्या जागी बहुतेक वेळा रिकामी चौकट किंवा नुसती लिंक उरते, त्यामुळं ऑर्डर बंद करताना मूळ टेबलची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल, वेगळी उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची.